टाकीचे खरे माप

आपल्या जुन्या घरांतून धान्य मोजण्याच्या दोन रीती होत्या. पायली भरली की काठावरून हात फिरवून वरचे दाणे खाली पाडायचे, ते सपाट माप. काठाच्या वर धान्याचा जेवढा डोंगर उभा राहील तेवढा राहू द्यायचा, ती शीग. 'उत्साह शिगेला पोहोचला' असे आपण आजही म्हणतो. पण ती शीग कोणत्या भांड्यावरची, हे नव्या पिढीला सांगावे लागते. घेताना शीग आणि देताना सपाट, अशा रीतीने व्यवहार करणाऱ्या घरांविषयी गावात काय बोलले जाई, तेही आपल्यापैकी पुष्कळांनी आजीच्या तोंडून ऐकले असेल. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली, धान्य किलोवर गेले आणि पायलीबरोबर तिची शीगही व्यवहारातून निघून गेली. आता प्रत्येक वस्तूवर एक आकडा छापलेला असतो आणि तो आकडा म्हणजेच त्या वस्तूचे माप, असे आपण धरून चालतो.

ही समजूत किती अपुरी आहे, हे आमच्या घरच्या पिकअप गाडीच्या डिझेलच्या टाकीवरून ध्यानात आले. विषय निबंधाला फारसा शोभणारा नाही, याची मला कल्पना आहे. परंतु त्या टाकीत किती लिटर मावते, या प्रश्नाच्या उत्तरावर एका माणसाची एकोणीस वर्षांची अब्रू अवलंबून होती, म्हणून तो येथे मांडतो.

आमचे घर धारचे. पवारांच्या अमदानीत जी अनेक घराणी दक्षिणेतून इकडे आली आणि इकडचीच झाली, त्यांपैकी एक. शेती आहे, गहू, सोयाबीन, लसूण होतो. थोरल्या बहिणीचे सासर देवासचे, आणि त्यांच्याकडे बियाणे साफ करण्याचे यंत्र आहे. त्यामुळे धार ते देवास ही आमच्या गाडीची नेहमीची वाट. घाटाबिल्लोद, बेटमा, इंदूर आणि पुढे देवासची टेकडी दिसू लागली की प्रवास संपला. एका बाजूने सुमारे शंभर किलोमीटर. ही वाट गेली एकोणीस वर्षे एकच माणूस करीत आला आहे. आमच्या माळव्यात चालकाला 'उस्ताद' म्हणण्याची रीत आहे. आम्हीही त्यांना उस्तादच म्हणतो. घरातल्या दोन लग्नांची वऱ्हाडे त्यांनी नेली, माझ्या वडिलांना शेवटच्या आजारात इंदूरला त्यांनीच पोहोचविले.

घरचे हिशेब अलीकडे पुतण्याने हाती घेतले आहेत. मुलगा हुशार, सरळ आणि संगणकावर तरबेज. त्याने जुन्या पावत्या एकेक करून नोंदविल्या, तेव्हा २०२४ च्या मार्चमधील एका पावतीवर त्याची नजर अडकली. त्या दिवशी गाडीत ६४ लिटर डिझेल भरल्याची ती पावती होती. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत टाकीची क्षमता ६० लिटर छापलेली. साठाच्या टाकीत चौसष्ट कसे मावले? हा प्रश्न त्याने घरात विचारला असता तर गोष्ट तेथेच राहिली असती. त्याने तो उस्तादांना विचारला, आणि तोही लसणाच्या पोत्यांजवळ, हमालांसमोर.

चार लिटर डिझेलची किंमत चारशे रुपयांच्याही आतली. उस्तादांनी काही खुलासा केला नाही. गाडीची किल्ली ओसरीवरच्या मेजावर ठेवली, सर्वांना नमस्कार केला आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाही.

या प्रसंगात संशयाला तीन जागा होत्या. पंपाने माप कमी दिले आणि आकडा वाढविला, ही एक. उस्तादांनी पंपावरच्या माणसाशी संगनमत करून पावती फुगविली, ही दुसरी. पुस्तिकेतला साठाचा आकडा हाच टाकीचे पुरते माप सांगत नाही, ही तिसरी. गंमत अशी की घरातील प्रत्येकाचे मन पहिल्या दोन जागांभोवती फिरत राहिले. तिसरीकडे कोणी वळून पाहिले नाही. माणसावर संशय घ्यायला आपल्याला फार वेळ लागत नाही, छापील आकड्यावर मात्र तो घ्यावासाच वाटत नाही. मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले. कोणत्याही आकड्याला 'तू कशाचे माप आहेस?' असे विचारावे, ही त्या विषयाची पहिली शिकवण. म्हणून हे काम मी अंगावर घेतले.

आधी पंपाचा निकाल लावणे सोपे होते. प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापन विभागाची मोहोर असलेले पाच लिटरचे भांडे ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात इंधन मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमाला मान्य आहे, म्हणजे शेकडा अर्धा. पुतण्याला बरोबर घेऊन आम्ही तसे माप मागितले. फरक त्या मर्यादेच्या पुष्कळ आत होता. आणि समजा तो मर्यादेच्या अगदी काठावर असता, तरी ६४ लिटरमागे तो ३२० मिलिलिटर भरला असता. त्याने चार लिटरचा उलगडा होत नाही. पंप बाजूला झाला.

आता टाकी. सामान्य समजूत अशी की टाकी म्हणजे एक डबा. तो रिकामा असतो किंवा भरलेला असतो. प्रत्यक्षात तिचे तीन मजले असतात म्हणा ना. सर्वांत खाली थोडे डिझेल असे असते की जे इंजिनापर्यंत कधी पोहोचतच नाही. डिझेल ओढून घेणारी नळी टाकीच्या तळाला टेकलेली नसते. तळाशी बसलेला गाळ आणि पाणी वर जाऊ नये म्हणून ती किंचित उंच ठेवतात. तिच्या तोंडाखालचे डिझेल हे देवघरातल्या समईच्या तळाशी राहिलेल्या तेलासारखे, असून नसल्यासारखे. मधला मजला रोजच्या वापराचा. आणि सर्वांत वर, भरण्याच्या मानेपाशी, मुद्दाम मोकळी सोडलेली जागा.

ही वरची जागा का सोडतात, हे माळव्यातल्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. आपल्याकडची रात्र थंड म्हणून नावाजलेली, पण वैशाखातली दुपार कोणालाही सोडीत नाही. पंपावरचे डिझेल जमिनीखालच्या टाकीतून येते, तुलनेने थंड असते. तेच गाडीत भरून गाडी उन्हात उभी केली की ते तापते आणि फुगते. एक अंश तापमान वाढले की डिझेलचे आकारमान दहा हजारांत सुमारे आठ भाग वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ६५ लिटर डिझेल १५ अंशांनी तापले की पाऊण लिटरहून अधिक वाढ होते. त्या वाढीला जागा ठेवली नाही तर ती झाकणाच्या फटीतून रस्त्यावर येणार. शिवाय गाडी चढावर, उतारावर, एका अंगाला कललेली उभी राहते. आतले डिझेल एका कोपऱ्यात जमा होते. म्हणून टाकी बनविणारा ती छापील आकड्यापेक्षा मोठी बनवितो आणि पुस्तिकेत तेवढेच लिहितो, जेवढे भरणे निर्धोक आहे. छापील साठ हे सपाट माप आहे. त्याच्यावर शीग आहे. ती लिहिलेली नसते एवढेच.

पंपावरच्या नळीला हे थोडेफार कळते. तिच्या तोंडाशी एक बारीक छिद्र असते. त्यातून हवा आत खेचली जाते. डिझेल किंवा त्याचा फेस त्या छिद्रापर्यंत चढला की हवा बंद होते आणि खटका पडतो. याला पंपावरची मंडळी 'कट' म्हणतात. पण कट पडल्यावरही फेस बसू दिला, गाडी थोडी हलवून कोपऱ्यात अडकलेली हवा सोडविली आणि सावकाश धार धरली, तर आणखी डिझेल आत जाते. तसे करू नये, असे गाडीवाले आणि पंपवाले दोघेही सांगतात. लांबच्या वाटेचे चालक तसे करतात, हेही तितकेच खरे.

समोरचा काटा या बाबतीत काहीच मदत करीत नाही. टाकीत एक तरंगा असतो. तो एका दांडीला जोडलेला असतो आणि दांडीच्या कोनावरून काटा हलतो. टाकीचा आकार गाडीखालच्या जागेप्रमाणे वेडावाकडा. त्यामुळे तरंगा दोन बोटे खाली आला म्हणजे दर वेळी तितकेच लिटर कमी झाले, असे होत नाही. वरच्या टोकाला तर तरंगा आधीच अडलेला असतो. त्याच्यावर कितीही डिझेल असो, काटा 'पूर्ण' म्हणूनच दाखविणार. टाकी भरल्यावर पुष्कळ वेळ काटा ढिम्म हलत नाही आणि मग एकाएकी भराभर खाली येतो, असा जो सर्वांचा अनुभव आहे, त्याचे कारण हेच.

मग मोजायचे कसे? गाडी बंद पडेपर्यंत चालवावी आणि नंतर भरून पाहावे, असे पुतण्याने सुचविले. डिझेलच्या गाडीला ते सोसत नाही. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. ती हवा काढल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू होत नाही, आणि इंधन पुढे ढकलणाऱ्या पंपाला डिझेलचेच वंगण असल्यामुळे कोरडेपणी त्याची झीज होते. म्हणून आम्ही गाडी एका ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. सकाळची वेळ, उघडे अंगण, आसपास विडी-काडी नाही, गाडी सपाट फरशीवर. मिस्त्रीने इंजिनाकडे जाणारी नळी सोडविली आणि हातपंपाने टाकीतले डिझेल ओढून काढले. डिझेलऐवजी हवा येऊ लागली तेव्हा थांबला. मग टाकीच्या तळाचे बूच उघडले. जे तळाशी उरले होते ते स्वतंत्र भांड्यात घेतले.

मोजणी मी मापाने न करता तोलाने केली. तापमानाने आकारमान बदलते, वजन बदलत नाही. आणि धान्य तोलण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आमच्या घरी आहेच. घनतामापीने त्या सकाळच्या डिझेलची घनता पाहिली. लिटरला ८३० ग्रॅम. तळाचे उरलेले डिझेल भरले दीड किलो, म्हणजे १.८ लिटर. नंतर तळाचे बूच घट्ट बसवून टाकी पुन्हा भरावयास घेतली. प्रत्येक डबा ओतण्यापूर्वी आणि ओतल्यानंतर तोललेला. डिझेल मानेच्या तळाशी पोहोचले तेव्हा ५३.६ किलो आत गेले होते, म्हणजे ६४.६ लिटर. पुढे सावकाश, गाडी हलवीत, थेट तोंडापर्यंत भरले. तेव्हा एकूण झाले ५६.८ किलो, म्हणजे ६८.४ लिटर. पुतण्या वहीत लिहीत होता. शेवटची संख्या लिहिल्यावर त्याने लेखणी खाली ठेवली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

तेव्हा आमच्या टाकीचे खरे माप किती? पुस्तिकेप्रमाणे ६०. मानेच्या तळापर्यंत ६४.६. तोंडापर्यंत ६८.४. इंजिनाच्या दृष्टीने पाहाल तर यांतील प्रत्यक्ष आकड्यांतून तळाचे १.८ वजा करा. यांपैकी एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या १९४८ पर्यंत नांदलेल्या पाहिलेल्या देवासकरांना, एकाच वस्तूचे दोन अधिकृत धनी असू शकतात, याचे नवल वाटू नये. आणि आम्हा धारकरांच्या तर अंगणातच लाट मशिदीपाशी तो लोहस्तंभ तीन तुकड्यांत आडवा पडलेला आहे. तुकड्यांची लांबी मिळवली तर १३ मीटरांहून थोडी अधिक भरते. मोजणी बिनचूक आहे. पण ती समोर उरलेल्या लोखंडाची. मूळ स्तंभ केवढा होता, हा प्रश्न निराळा, आणि तो याहून उंच असावा असे अभ्यासकांनी मांडले आहे.

आमच्या घरात जे घडले ते जगावेगळे नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच प्रदेशात, जबलपूरला, ५० लिटर क्षमतेच्या मोटारीत ५७ लिटर पेट्रोल भरल्याची पावती निघाली. मोटार उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींची होती. तक्रार झाली, पंपाला मोहोर लागली, वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या. त्या निमित्ताने टाकीच्या मापाची चर्चा देशभर झाली. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेचा खुलासा असा आहे की, पुस्तिकेत जाहीर केलेल्या क्षमतेपेक्षा टाकीची प्रत्यक्ष क्षमता १५ ते २० टक्क्यांनी अधिक असू शकते. आमच्या टाकीत ती १४ टक्क्यांनी अधिक निघाली. जबलपूरच्या त्या गाडीतही ५० वर ७, म्हणजे १४ टक्केच. त्या पंपाविषयी मी येथे काही निर्णय देऊ इच्छीत नाही; एवढेच म्हणतो की केवळ त्या दोन आकड्यांवरून तो देता येत नाही.

आकड्याचा अर्थ न विचारल्याने केवढे संकट ओढवू शकते, याचे एक उदाहरण कॅनडातले आहे. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाचे इंधनदर्शक काटे बंद होते, म्हणून टाकीतले इंधन पट्टीने मोजले गेले. पट्टीची मोजणी बरोबर होती. पण लिटरचे वजन काढताना किलोऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. विमानात होते त्याच्या निम्म्याहून कमी. ४१,००० फूट उंचीवर असताना इंधन संपत आले आणि इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान घारीसारखे तरंगत खाली आणून गिमली येथील एका जुन्या धावपट्टीवर उतरविले आणि सर्व ६९ माणसे वाचली. आकडा तोच, फक्त तो कशाचा हे विचारायचे राहिले. आमच्याकडे विमान नव्हते, पसरलेल्या पोत्यांशेजारी उभा असलेला एक माणूस होता.

आता मुख्य गोष्ट. टाकीत ६८.४ लिटर मावते, एवढ्याने उस्तादांची पावती खरी ठरते का? नाही. ती खरी असू शकते, एवढेच ठरते. मोजमापाने आरोपाखालचा आधार निघून गेला. पण आधार निघणे आणि माणूस निर्दोष ठरणे यांत अंतर आहे. न्यायाधीशाला पहिले पुरते. घराला पुरत नाही. घरात शंकेची किनार राहिली तर ती वर्षानुवर्षे बोलण्यातून डोकावत राहते. म्हणून मी पुतण्याला म्हटले, 'अजून एक साक्षीदार बाकी आहे. गाडीत शोध.'

गाडीच्या समोरच्या कप्प्यात, लिंबू-मिरचीच्या दोऱ्याखाली, एक तेलकट वही होती. उस्तादांची. ती तेथे कायमच असे; सर्वांनी पाहिलेली, कोणी न उघडलेली. तारीख, गाडीचे किलोमीटर, लिटर, आणि चौथ्या रकान्यात हिंदीत दोनपैकी एक शेरा: 'कट तक' किंवा 'मुँह तक'. ज्या भेदासाठी आम्ही मिस्त्रीचे अंगण अडवून अर्धा दिवस तोलातोली केली, तो भेद या माणसाने वर्षानुवर्षे प्रत्येक भरण्याच्या वेळी आपणहून नोंदवून ठेवला होता.

त्या वहीमुळे मला हवे होते ते गणित करता आले. एकदा तोंडापर्यंत भरल्यानंतर पुन्हा तोंडापर्यंत भरले, तर दुसऱ्या वेळी जेवढे लिटर आत गेले तेवढेच मधल्या प्रवासात जळाले. टाकी केवढी आहे याच्याशी या हिशेबाला कर्तव्य नाही. दोन्ही वेळा पातळी एक असली म्हणजे झाले. एकदा 'कट' आणि एकदा 'तोंड' अशी भेसळ केली तर मात्र तीन-चार लिटरचा घोळ होतो. वहीत अशा चौदा निखळ जोड्या सापडल्या. भरलेल्या गाडीला लिटरमागे कमीत कमी १२.७ आणि जास्तीत जास्त १३.३ किलोमीटर पडले होते. वादातल्या पावतीच्या मागेपुढे 'मुँह तक' असाच शेरा होता आणि मधले अंतर होते ८३२ किलोमीटर, म्हणजे देवासच्या चार खेपा आणि थोडी गावातली धावपळ. ८३२ ला ६४ ने भागा, १३ येतात. त्या दिवशी साठच लिटर भरले असते आणि चार कागदावर असते, तर गाडीने लिटरमागे जवळजवळ १३.९ किलोमीटर दिले, असे मानावे लागले असते. ते तिने कधीच दिलेले नव्हते.

पुतण्या हुशार आहे, हे मी वर म्हटलेच. त्याने विचारले, 'काका, प्रत्येकच वेळी थोडे वाढवून लिहिले असेल तर?' प्रश्न योग्य होता. सर्वच नोंदी सारख्या प्रमाणात फुगविल्या असतील तर त्या एकमेकींशी जुळणारच. त्याचे उत्तर वहीतून मिळणार नव्हते, रस्त्यावरच मिळणार होते. उस्ताद येत नव्हते, गाडी तर न्यायलाच हवी होती. त्या आठवड्यात पुतण्याने स्वतः गाडी हाकली. मिस्त्रीकडे तोंडापर्यंत भरलेलीच होती. तो माल घेऊन दोनदा देवासला जाऊन आला आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर पुन्हा तोंडापर्यंत भरून घेतली. अंतर ४०२ किलोमीटर, डिझेल ३१ लिटर. तेराला किंचित कमी. म्हणजे उस्तादांच्या वहीतल्या आकड्यांच्या आत, आणि त्यांच्या सरासरीहून थोडे खालीच; नवा हात म्हटल्यावर तेवढे चालायचे.

उस्तादांना घरी राहून अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी पुतण्या त्यांच्या घरी गेला. मीही बरोबर होतो, पण बोलावयाचे त्यानेच होते. त्याने आढेवेढे न घेता, त्यांच्या मुलांसमोर, क्षमा मागितली. हमालांसमोर विचारले होते, तेव्हा चार माणसांत मागणे भाग होते, हे त्याला सांगावे लागले नाही. याचे मला समाधान वाटले. उस्तादांनी चहा मागविला. मी त्यांना आमची सारी तोलातोली सांगितली; १.८, ६४.६, ६८.४. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, 'भाऊसाहेब, साठ तो किताब में है. टंकी में तो पैंसठ-छासठ जाता है. थोड़ा-सा बचा के ही भरवाता हूँ न.' मी हिशेब करून पाहिला. चालत्या गाडीच्या टाकीत तळाचे १.८ लिटर राहतेच, ६८.४ मधून ते वजा केले तर उरतात ६६.६. घनतामापी नाही, तोलकाटा नाही, आणि आकडा एका लिटरच्या आत बरोबर.

'मग त्या दिवशी का नाही सांगितले?' पुतण्याने विचारले.

'आपने पूछा कहाँ था, भैया,' ते म्हणाले. 'आपने तो बताया था.'

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. प्रश्नाच्या रूपाने आलेला आरोप आणि खरोखरचा प्रश्न यांचे शब्द तेच असतात. साठाच्या टाकीत चौसष्ट कसे मावले, हे कुतूहलाने विचारले असते तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते. कारण ते ज्याला ठाऊक होते तोच समोर उभा होता. आपल्यासारख्या घरांतून, जेथे पिढ्यान्‌पिढ्या कागद आपल्या हाती आणि काम दुसऱ्याच्या हाती राहिले, तेथे हे वारंवार घडते. कागदावर लिहिलेले ते ज्ञान आणि हाताला समजलेले ते मात्र अंदाज, अशी एक प्रतवारी आपल्या मनात नकळत ठरून गेलेली असते. आपले पूर्वज दप्तरे सांभाळण्यात वाकबगार होते, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. परंतु दप्तरातला आकडा कोणी, कशासाठी आणि किती सावधगिरीने लिहिला, हे विचारणे हाही दप्तर सांभाळण्याचाच भाग आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याने फसविले नव्हते. त्याने उन्हासाठी जागा राखून सपाट माप लिहिले होते. उस्तादांनीही फसविले नव्हते. ते शीग लावून भरीत होते. दोघांत कोणीतरी एक खोटा असलाच पाहिजे, हे गृहीत तेवढे आमच्या घरातले होते.

उस्ताद पुन्हा कामावर आले. पुतण्याने त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर टाकीचे आकडे सुवाच्य अक्षरात लिहून दिले, कोणता आकडा कशाचा हे प्रत्येकापुढे नमूद करून. आता ते कट पडला की थांबतात. तोंडापर्यंत भरीत नाहीत. गाडीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. चौथ्या रकान्यात आता सर्वत्र 'कट तक' एवढेच असते. मात्र त्याच्यापुढे त्यांनी स्वतः पट्टीने आखून एक पाचवा रकाना वाढविला आहे. पंपावरून आले की ते वही आणि पावती पुतण्यापुढे ठेवतात आणि त्या रकान्यात त्याची सही घेतात. सही मागा, असे त्यांना कोणी सांगितलेले नाही. एकोणीस वर्षे त्या वहीला सहीची गरज पडली नव्हती. पुतण्या दर वेळी म्हणतो, 'उस्ताद, राहू द्या हो.' ते हसून लेखणी पुढे करतात, आणि तो सही करतो.